‘कोरीव रेघ’ सगळीकडे चालेल का?

प्रश्न असा आला आहे: सोळाव्या शतकातल्या युरोपीय छापचित्रांत सैनिकांच्या चिलखतांवर, कपड्यांवर ज्या बारीक रेघा दिसतात त्यांना सरसकट ‘कोरीव रेघा’ म्हणावं का? आणि सावलीसाठी एकमेकींवर मारलेल्या रेघांना मराठीत काय म्हणायचं?

सरसकट नको. तांब्याच्या पत्र्यावरच्या चित्राला मात्र हाच शब्द हवा. जर्मन चित्रकार ड्युररचा १५१३चा घोडेस्वार घ्या, मृत्यू आणि सैतान यांच्या सोबतीने निघालेला. बुरिन नावाच्या पोलादी हत्याराची मूठ तळहातात धरून ते पत्र्यातून पुढे रेटायचं, की तांब्याचा बारीक कीस निघतो आणि मागे खाच राहते. शाई त्या खाचेत भरायची, पत्र्याचा वरचा भाग पुसून घ्यायचा, ओला कागद ठेवून दाबायचं. म्हणजे कोरलं ते काळं उमटतं. (आपल्याकडे भांड्यावर नाव ‘घालतात’, छिन्नीवर टकटक ठोकून केलेलं ते काम वेगळं, त्याचं क्रियापदही वेगळं.)

लाकडी ठशात सगळं उलटं होतं. कोरून काढलेला भाग कोराच राहतो आणि काळी दिसते ती शिल्लक ठेवलेली रेघ. तिला कोरीव म्हणणं म्हणजे विहिरीच्या काठाला खड्डा म्हणणं. मी ‘राखलेली रेघ’ म्हणेन. गंमत अशी की स्विस चित्रकार उर्स ग्राफने १५२१च्या आपल्या स्विस निशाणवाल्यांच्या (झेंडा धरणाऱ्या शिपायांच्या) चित्रांत हाही नियम मोडला. स्वतः भाडोत्री शिपाई म्हणून लढलेल्या या गड्याने काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनी माणसं उभी केली. तिथे लाकडावरची रेघही खरोखर कोरीव आहे.

जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहराचा डानिएल हॉप्फर चिलखतांवर आम्लाने नक्षी करायचा. तीच युक्ती त्याने लोखंडी पत्र्यावर वापरून छापचित्रं काढली, भाडोत्री शिपायांचीसुद्धा. तिथे धातू हत्याराने कोरलेला नाही, आम्लाने खाल्लेला आहे. ‘आम्लरेघ’ म्हटलं तरी भागेल.

आता दुसरा प्रश्न. ‘रेघोट्या’ नको. रेघोट्या पोरं भिंतीवर मारतात. त्या शब्दात हाताचा सैलपणा आहे. डच कलावंत गोल्त्सियसचा तांब्यावर कोरलेला १५८७चा निशाणवाला जवळून पाहा. झेंड्याच्या रेशमावरची एकच रेघ केसासारखी सुरू होते, घडीच्या सावलीत फुगते, उजेडाकडे पुन्हा निमुळती होते. हात जोरात रेटला की खाच खोल आणि रुंद होते. जाडी येते ती त्यातून. कापड कुठे वळतं हे रेघच सांगते, वेगळी बाह्यरेषा फारशी लागत नाही. अशा समांतर रेघांना ‘छायारेघा’ म्हणावं आणि त्या एकमेकींना छेदू लागल्या की ‘जाळी’. ‘छेदरेषा’ हा शब्दही कुणी सुचवेल, पण तो भूमितीच्या वहीतला. रेषा आखतात, रेघ ओढतात, आणि इथे सगळी करामत ओढण्यात आहे.