अमेरिकेतून लंडनला जाताय? आधी बीन्स ऑन टोस्ट
तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात बीन्स ऑन टोस्ट, म्हणजे टोस्टवर डब्यातले गरम बीन्स, करून बघच. ब्रिटनमधले हाइन्झचे बीन्स टोमॅटो सॉसमधले, त्यात मांस नसतं. अमेरिकन बेक्ड बीन्स मात्र ब्राऊन शुगर नाहीतर मोलॅसिसमुळे (काकवीसारखा दाट काळा पाक) चांगलेच गोड आणि बऱ्याचदा त्यात बेकन किंवा पोर्क असतं, सो व्हेज असशील तर लेबल वाचल्याशिवाय डबा उचलूच नकोस. बीन्स मंद आचेवर ठेव, सॉस जरा आटू दे, टोस्ट मात्र कडक हवा नाहीतर लगदा होतो, मग त्यावर बटर, बीन्स, वरून चेडर चीज किसून आणि मिरपूड, थंडीत जाम भारी लागतं. क्राफ्ट या अमेरिकन ब्रँडचं पाकिटातलं मॅक अँड चीज (चीज सॉसमधला मॅकरोनी पास्ता) १९३७ पासूनचं, तेही झटपट होतं, पास्ता उकडून बटर, दूध आणि पाकिटातली चीज पावडर, पण मूठभर फ्रोझन मटार टाकच.