काट्यावरची भाकर

"मॅडम, शुगर निघाली म्हणजे आता जन्मभर काट्यावर मोजूनच खायचं का?" लातूरला आहाराचं समुपदेशन करताना हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारी बहुतेक वेळा पेशंटची बायको असते, कारण तो काटा शेवटी तिच्याच ओट्यावर येऊन बसतो.

अशाच एका ताईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. यजमान शेतकरी, पन्नाशीतले; त्यांना भाऊ म्हणू. गोळ्या सुरू झाल्या आणि एक छापील कागद हातात आला: दुपारी ज्वारी 60 ग्रॅम, तांदूळ 30 ग्रॅम, डाळ 30 ग्रॅम. ताईंनी डिजिटल काटा आणला आणि कागदाबरहुकूम वाढायला लागल्या. थोड्याच दिवसांत रडकुंडीला येऊन माझ्यासमोर बसल्या. "ह्यांच्यापुढं काट्यावर भाकर ठेवली की ताट सारतात. अर्धपोटी उठायलेत. परवा रानात घाम फुटला, हातपाय लटलट कापायला लागले."

हे ऐकल्यावर आधी त्यांना डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. काही गोळ्या चालू असताना जेवण एकदम घटलं तर साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, जीव घाबरा होणं ही त्याचीच लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. गोळीचा डोस स्वतःच्या मनानं बदलायचा नाही.

मग विचारलं, "ताई, काट्यावर नेमकं काय ठेवता?"

"भाकर. तव्यावरून उतरलेली."

घोळ इथंच होता. कागदावरचे ग्रॅम कच्च्या धान्याचे होते, पण तसं कुठं छापलेलं नव्हतं. 60 ग्रॅम पिठाची भाकर पाण्यामुळं 90 ग्रॅमच्या आसपास भरते. 30 ग्रॅम तांदळाचा भात शिजून 80-90 ग्रॅम होतो. म्हणजे भाऊंच्या ताटात ठरल्यापेक्षा भाकर दोन तृतीयांश, तर भात जेमतेम तिसरा हिस्सा पडत होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये 2000 कॅलरीचं जे नमुना ताट सुचवलं, त्यातले धान्य 250 ग्रॅम, डाळी 85 ग्रॅम हे आकडेसुद्धा कच्च्या वजनाचेच आहेत. आहाराचा कागद हातात घेतानाच 'हे कच्चं की शिजलेलं?' एवढं विचारून घ्या.

आणि जे मोजायला हवं होतं, ते मात्र तसंच सुटलं होतं. कोरड्यासाला तेल अंदाजानं, शेंगदाण्याची चटणी हवी तेवढी. 15 ग्रॅम तेलात 135 कॅलरी असतात आणि 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत 200 च्या आसपास. 100 ग्रॅम शेंगदाणे पाचशे कॅलरीच्या वर जातात. शेंगदाणे वाईट नाहीत, ते बंद करायला मी कधीच सांगत नाही. पण भाकर तोलायची आणि चटणीला मोकळीक, हा हिशोब जुळत नाही.

आम्ही काटा ताटापासून काठवटीकडं नेला. रिकामी वाटी काट्यावर ठेवायची, 'टेअर'चं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, मग पीठ घालायचं. घरातली कोणती वाटी कुठवर भरली की 60 ग्रॅम होतात, हे एकदा पाहून ठेवायचं. आठवडाभर असं केलं की उंडा हातात घेतल्यावरच अंदाज येतो. तेलासाठी वेगळी बाटली: माणशी दिवसाला 25-30 ग्रॅम धरून आठवड्याचं तेल एकदाच मोजून भरायचं. भाऊंच्या समोर तोलणं पूर्ण बंद. जेवायला बसलेल्या माणसाचा घास मोजू नये, असं माझं ठाम मत आहे.

भाऊंची शंका वेगळीच होती. "हुरड्याला बसल्यावर काटा कुठं नेऊ?" हुरडा म्हणजे कोवळी ज्वारीच. तो खाल्ला त्या वेळेला भाकर खायची नाही, एवढं त्यांना पटलं.

जाता जाता ताई सहज बोलून गेल्या, की कॉलेजला जाणारी लेकही आता स्वतःची पोळी तोलून खाते, 'जाड झाले' म्हणते. मला भाऊंच्या शुगरपेक्षा ह्याची काळजी जास्त वाटली. वाढत्या वयाच्या, शरीरावरून मनात धास्ती असलेल्या मुलीच्या हातात काटा देऊ नये. आकडा एकदा डोक्यात शिरला की भूक लागूनही खाणं नको होतं. ताईंना सांगितलं, पिठाचं काम झालं की काटा उचलून वर ठेवा, तिच्या ताटाबद्दल आणि वजनाबद्दल घरात बोलणं थांबवा, रात्री सगळे एकत्र जेवायला बसा. आणि ती जेवण टाळायला, लपवायला लागली किंवा पाळी चुकायला लागली, तर वाट पाहू नका, तिला घेऊन डॉक्टरांकडं जा.