ब्याऐंशी आले, पण कुठल्या भाषेत?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं चाचण्यांबद्दलची आहेत. ती एकत्रच घेते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात चौथीला. वाचनात मागे आहे म्हणून बाईंनी आयक्यू करून आणायला सांगितलं. शहरात जाऊन केला. तपासणाऱ्या मॅडम सगळं इंग्रजीतून विचारत होत्या. रिपोर्टमध्ये 82 आणि ‘सरासरीपेक्षा कमी’ असं आलंय. यांचं म्हणणं, आमच्या घराण्यात असं कुणीच नाही. पण हाच मुलगा एसटी स्टँडवरची कुठली गाडी कुठे जाते, किती वाजता सुटते, हे तोंडपाठ सांगतो. टेस्ट परत करावी का?
– एक आई, बार्शी

उत्तर : रिपोर्टची झेरॉक्स पाठवलीत ते बरं केलंत. पहिलं पान बाजूला ठेवा आणि तिसरं उघडा. शाब्दिक भागात 72, कृतींच्या भागात 92. दोन्हींची सरासरी काढून वर 82 लिहिलंय. दोन भागांत वीस गुणांचं अंतर असेल, तर त्या सरासरीला मी फार विचारत नाही. अंतर का पडलं, ते आधी बघते.

कृतींच्या भागात ठोकळे जुळवायचे असतात, चित्रात काय राहिलंय ते दाखवायचं असतं. तिथे बोलावं कमी लागतं. 100 ही सरासरी धरली, तर 85 ते 115 या पट्ट्यात साधारण दोन तृतीयांश मुलं येतात. तुमच्या मुलाचे 92 त्यातच आहेत. शाब्दिक भागात शब्दांचे अर्थ सांगायचे, तोंडी गणितं सोडवायची, ‘असं का करतात’ याची उत्तरं द्यायची. घरीदारी मराठी बोलणाऱ्या मुलाला हे इंग्रजीतून विचारलं, तर बुद्धीबरोबर त्याचं इंग्रजीही मोजलं जातं. दोन्ही वेगळं काढायची सोय त्या आकड्यात नसते.

यात मला खरंच राग येतो. रिपोर्टवर जिचं नाव आहे ती मालिनची चाचणी 1969 ची. अमेरिकेतल्या वेक्स्लर यांच्या बुद्धिमापन चाचणीवरून ती आपल्या नागपुरात तयार झाली, आणि ती मराठीतून घेता येते. त्याच्याही आधी, 1930 च्या दशकात, व्ही. व्ही. कामत यांनी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली होती. एवढं सगळं हाताशी असताना बार्शीच्या पोराला इंग्रजीत का तपासायचं? बहुतेक शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून. जाता जाता, मालिनचे निकष, म्हणजे मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून बघतात ते आकडेही, आता पन्नास वर्षांहून जुने झालेत. जुन्या निकषांवर गुण सहसा चढे येतात. म्हणून त्या 92 लाही मी कुरवाळत बसणार नाही.

शाळेचा प्रश्न मुळात होता तो वाचनाचा. त्याबद्दल रिपोर्टमध्ये एक ओळ नाही. तुमच्या पत्रातही एक गोष्ट राहिली आहे : तो मराठी कसं वाचतो? आज संध्याकाळी त्याला दुसरीच्या बालभारतीतला न पाहिलेला धडा द्या. मराठी बऱ्यापैकी सरळ वाचत असेल आणि अडत फक्त इंग्रजीत असेल, तर अडचण बहुधा भाषेच्या सरावाची आहे. पण मराठीतही काना-मात्रा गळत असतील, जोडाक्षरापाशी गाडी थांबत असेल, पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकत असेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी बरी असूनही वाचन-लेखनात अडण्याची, तपासणी करून घ्या. त्याआधी डोळे आणि कान. हे सांगायला मला संकोच वाटतो, पण नुसता चष्मा लागून प्रश्न मिटलेली मुलं मी पाहिली आहेत.

इथे तो 82 अडचणीचा ठरू शकतो. अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आली. प्रमाणपत्रासाठी केंद्राने 2018 मध्ये ज्या सूचना काढल्या, त्यांत आयक्यू 85 च्या वर असेल तरच वाचन-लेखनाची पुढची चाचणी करायची, असं होतं. वयाची अट आठ वर्षं पूर्ण, ती तुमची भागते. 2024 मध्ये सूचना पुन्हा निघाल्यात, तेव्हा सध्याचा नियम सरकारी रुग्णालयातच विचारून घ्या. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक या सवलती आपल्या राज्यात 1996 पासून आहेत. चुकीच्या भाषेत मोजलेल्या आकड्यापायी त्या हातच्या जाऊ नयेत.

म्हणून, हो, परत तपासा. पण लगेच तीच चाचणी नको. ओळखीच्या प्रश्नांमुळे गुण वाढतात आणि मग तो आकडाही कामाचा राहत नाही. भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. फोनवरच विचारा : मराठीतून घेता का, वाचन-लेखनाचीही तपासणी करता का? उत्तर ‘बघू’ असं आलं तर दुसरीकडे फोन लावा. आणि शाळेला सगळा रिपोर्ट देऊ नका. वर्गात काय करायचं, एवढं एक पान मागून घ्या आणि तेच द्या.

यांना सांगा, वाचनाची अडचण घराण्यातून बऱ्याचदा येते. काका-आत्यांची प्रगतिपुस्तकं कुणी जपून ठेवत नाही, एवढंच.

प्रश्न : मुलीची पुढच्या आठवड्यात आयक्यू टेस्ट आहे. तयारीसाठी कुठलं पुस्तक आणू? यूट्यूबवरून सराव घेतला तर चालेल का?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर : नाही हो. आदल्या रात्री लवकर झोपवा, सकाळी पोटभर खाऊ घाला, चष्मा विसरू नका. सर्दी-ताप असेल तर तारीख पुढे ढकला. सराव करून आलेले गुण तुमचे असतील, तिचे नव्हेत. आणि तिला जिथे मदत हवी, ती जागाच झाकली जाईल.

प्रश्न : सासूबाई 71 वर्षांच्या, शाळा चौथीपर्यंत. मागच्या वर्षी सासरे गेले, तेव्हापासून विसरतात, गप्प असतात. दवाखान्यात एका कागदावर तपासलं, 30 पैकी 19 आले. डिमेन्शियाची सुरुवात म्हणाले. मोठे दीर म्हणतात, घराच्या कागदांवर आत्ताच सह्या घेऊन टाकू. बचत गटाचा हिशेब मात्र त्या अजून तोंडी सांगतात, आणि तो बरोबर असतो.
– सून, चाळीसगाव

उत्तर : वर्णनावरून तो ‘मोका’ या स्मरण आणि विचारशक्तीच्या प्राथमिक चाचणीचा कागद दिसतो. घनाकृती बघून काढा, घड्याळ काढा, शंभरातून सात-सात वजा करत जा. त्यात 26 च्या खाली आलं की पुढची तपासणी करायची, असा संकेत आहे. शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. चौथीनंतर पेन्सिल न धरलेल्या बाईला एक गुण कुठे पुरणार?

हरियाणात बल्लभगडला कमी शिकलेल्या वयस्कर माणसांसाठी अशीच एक चाचणी हिंदीत तयार केली, 1995 च्या सुमाराला. तिथे वाक्य लिहायला न सांगता ‘घराबद्दल काहीतरी सांगा’ म्हणतात. वजाबाकीच्या जागी वार उलटे म्हणायला लावतात. अशा रीतीने तपासणारं कुणी मिळतं का, ते बघा. पण त्याआधी बी-12, थायरॉइड आणि ऐकू नीट येतं का, हे तपासा. नवरा गेल्यानंतरचं नैराश्यही हुबेहूब विस्मरणासारखं दिसतं, आणि त्यावर उपचार आहेत.

हिशेब चोख आहे, ही जमेची बाजू. डॉक्टरांना ती सांगाच. शिवाय गॅस चालू राहतो का, गोळ्या दोनदा घेतल्या जातात का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, हे महिनाभर एका वहीत तारखेसकट लिहा. दुसऱ्या भेटीत ती वही त्या 19 पेक्षा जास्त बोलेल.

सह्यांचं : 19 गुणांनी कुणाचा सहीचा हक्क जात नाही. कागदात काय आहे आणि सही केल्यावर काय होईल हे त्यांना त्या दिवशी समजतंय का, हे वेगळं तपासावं लागतं. दिरांना सांगा, आधी तपासण्या होऊ देत. आणि सासूबाईंना विचारलंय का कुणी, त्यांना घराचं काय करायचंय ते?