दशांशाची शहानिशा कोण करतो?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत युटा राज्यात राहतो. त्याचे मॉर्मन (अमेरिकेत उगम पावलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे) शेजारी उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, चर्चला देतात आणि वर्षअखेरीस बिशपना, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखांना, तसे सांगतात. बिशप याची खातरजमा कशी करतात?

उत्तर : ते खातरजमा करत नाहीत, आणि माझ्या मते या प्रथेचे मर्म तेथेच आहे. वर्षअखेरीच्या भेटीत वर्षभराच्या देणग्यांचा तपशील सदस्यासमोर असतो. मात्र त्याचे उत्पन्न किती, हे बिशपना ठाऊक नसते आणि ते पगारपत्रक मागत नाहीत. आपण पूर्ण दशांश दिला, अंशतः दिला की दिलाच नाही, हे सदस्याने स्वतः सांगायचे आणि बिशपनी तेच नोंदवायचे. दशांशाचा नियम १८३८ मध्ये मिसूरीतील फार वेस्ट येथे पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी सांगितला. त्यातील ‘इंटरेस्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘उत्पन्न’ असा घ्यावा, याहून अधिक खुलासा करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे चर्चच्या सर्वोच्च नेतृत्वाने १९७० च्या पत्रात कळवले. त्यामुळे हिशेब कर कापण्यापूर्वीच्या रकमेवर करावा की नंतरच्या, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

याचा अर्थ उत्तराला वजन नाही, असा मात्र नव्हे. मॉर्मनांचे सर्वात पवित्र विधी जेथे होतात, त्या मंदिरातील प्रवेशाच्या परवान्यासाठीच्या मुलाखतीत हाच प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि पूर्ण दशांश न देणाऱ्यास तो परवाना मिळत नाही. म्हणून कठीण काळातून जाणाऱ्या कुटुंबासाठी ही भेट खरोखर जड असते, आणि सदस्याने तेथे सांगितलेले बिशपनी गुपित राखणे अत्यंत आवश्यक ठरते.