‘गोळ्या चालू आहेत ना?’ : पीअर सपोर्टमधल्या नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मला बायपोलर आहे, बरीच वर्षं तब्येत नीट आहे, आणि गेल्या वर्षीपासून मी एका मानसिक आरोग्य केंद्रात पीअर सपोर्ट वर्कर आहे, म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेली आणि आता तसल्याच पेशंटना सोबत करणारी. काम मनापासून आवडतं, पेशंट डॉक्टरांशी जे बोलत नाहीत ते माझ्याशी बोलतात. पण माझं काम नक्की काय हे कुणीच सांगत नाही, कधी ग्रुप घे, कधी फायली लाव, आणि कुणी गोळ्या नको म्हणालं की ‘तू समजाव गं, तुझं ऐकेल’ म्हणून मलाच पुढे करतात. मीटिंगमध्ये जरा आवाज चढला की सिनियर हळूच विचारते, ‘गोळ्या चालू आहेत ना?’ पेशंटकडे माझा पर्सनल नंबर आहे, रात्री बारालाही मेसेज येतात, एकाने तर ‘जगावंसं वाटत नाही’ असं लिहिलं, मी पहाटेपर्यंत चॅट करत बसले. आता सकाळी अंथरुणातून उठवत नाही. घरचे म्हणतात सोड, तुला झेपणार नाही. माझा आजार परत येतोय का?

उत्तर : ते मी इथे बसून सांगू शकत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि याच आठवड्यात विचारा, कारण बायपोलरमध्ये झोप मोडणं हे कधी लक्षण असतं तर कधी पुढच्या एपिसोडला आमंत्रण. पण पत्र वाचून मला आजाराआधी तुमची नोकरी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत बर्नआउटला, म्हणजे कामाने पार पिळून निघण्याला, आजार म्हटलेलं नाही, तो कामाशी जोडलेला प्रकार म्हणून नोंदलाय : शक्ती संपल्यासारखा थकवा, कामावरून मन उडणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. हे तुमच्या सिनियरलाही होऊ शकतं, फक्त तिला कुणी गोळ्यांचं विचारणार नाही!

आधी फोनचं बघू. पर्सनल नंबर बंद, केंद्राकडून वेगळा नंबर मागा, आणि ड्युटीनंतर फोन कोण उचलणार हे लेखी ठरवून घ्या. ‘जगावंसं वाटत नाही’ हा मेसेज एकट्या माणसाने रात्री सांभाळायचाच नसतो, मग तो पीअर असो की प्रोफेसर. तसं कुणी बोललं की ‘हे मी टीमला कळवणार’ असं त्याला सरळ सांगायचं आणि ताबडतोब ऑन-कॉल माणसाला गाठायचं, गुप्त ठेवायचं वचन द्यायचं नाही. तुमच्याकडे ऑन-कॉल कोण हेच माहीत नसेल तर उद्या पहिला प्रश्न तो. आणि ज्याने हे लिहिलं त्याचं आधीच टीमला सांगितलं नसेल तर उद्याची वाट बघू नका, आजच सांगा.

आता फायली आणि गोळ्या. पेशंटला औषधाला राजी करणं हे तुमचं काम नाही, उलट ते करायला लागलात की तुम्ही त्याच्या बाजूच्या न राहता टीमच्या बाजूच्या होता, आणि ज्यासाठी तुम्हाला घेतलंय तेच जातं. स्वतः औषधं घेतानाचा अनुभव तो विचारेल तर जरूर सांगा, पण ‘घे’ किंवा ‘नको घेऊस’ हे डॉक्टरांसाठी ठेवा. लेखी जॉब डिस्क्रिप्शन मागा, आणि सुपरव्हिजनही, म्हणजे कामातल्या अडचणी ठरलेल्या वेळी ऐकून घेणारं अनुभवी माणूस. ही काही मेहरबानी नाही, अमेरिकेत 2007 साली मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या खात्याने राज्यांना पीअर सपोर्टचे पैसे द्यायचे नियम कळवले त्यातच ट्रेनिंग-सर्टिफिकेशन, सुपरव्हिजन आणि बाकी उपचारांशी समन्वय अशा अटी होत्या. शक्यतो रजा मंजूर करणारा बॉस आणि मन मोकळं करायचं ते माणूस वेगळं असू द्या, कारण पगार ज्याच्या हातात त्याच्यासमोर ‘मी ढासळतेय’ कोण म्हणेल?

आणि त्या सिनियरला एकदा एकटीला गाठून सांगा, ‘मी चिडले तर कशावर चिडले ते विचारा, गोळ्यांचं मी आणि माझे डॉक्टर बघतो.’ पहिल्यांदा तोंडातून निघणार नाही, आधी आरशासमोर म्हणून बघा, मी गंमत करत नाहीये.

प्रश्न : इंटरव्ह्यूत स्वतःच्या आजाराबद्दल किती सांगायचं? मला हॉस्पिटलमधल्या काही गोष्टी आठवल्या तरी त्रास होतो.

उत्तर : मग त्या सांगू नका. या नोकरीत आजार आहे हे लपवता येत नाही, पण तपशील तुमच्या मालकीचा. डायग्नोसिस, तारखा, घरातली भांडणं कुणी मागितली तर ‘कशाने सावरलो त्यावर बोलायला आवडेल’ म्हणा. पेशंटसमोरही तेच माप लावा : ही गोष्ट आत्ता याच्या उपयोगाची आहे की मला हलकं व्हायचंय म्हणून सांगतोय?

प्रश्न : मी टीम लीडर आहे. आमच्याकडची एकुलती एक पीअर वर्कर पंधरा दिवस आजारी रजेवर होती. आता वरचे म्हणतात तिला सोपंच काम द्या, आणि मुळात या पोस्टचा उपयोग काय?

उत्तर : उपयोगाचं आधी. 2018 मध्ये लॅन्सेटमध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला, क्रायसिस टीमचे, म्हणजे तातडीचे मानसिक उपचार देणाऱ्या पथकाचे, उपचार संपलेल्या 441 लोकांचा. ज्यांना पीअर वर्करची सोबत होती त्यातले 29 टक्के वर्षभरात पुन्हा तातडीच्या उपचारांत आले, ज्यांना फक्त वर्कबुक, म्हणजे सावरण्यासाठी स्वतः भरायची वही, मिळालं त्यातले 38 टक्के. पण तिथे पीअरला ट्रेनिंग होतं, सेशन जास्तीत जास्त दहा, आणि रिकव्हरीचं ते वर्कबुक हातात, म्हणजे कामाला हद्द होती. हे वरच्यांना दाखवा.

रजेबद्दल विचाराल तर नर्सची पाठ दुखली म्हणून तुम्ही तिला कायमचं टेबलवर बसवता का? परत आल्यावर तिलाच विचारा काय जमेल, कदाचित सकाळची शिफ्ट उशिरा हवी असेल, आधी थोड्या केस आणि मग पूर्ण. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं कलम 27 हेच सांगतं, कामाच्या जागी वाजवी सोय करून द्यायची, आणि त्या करारात दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे येणाऱ्या अडचणीही धरल्यात. न विचारता सोपं काम दिलंत तर तिला तो डच्चूच वाटेल, वर टीममध्ये सगळे तिच्याशी जपून बोलायला लागतील ते वेगळंच.

शिवाय ‘एकुलती एक’ हा शब्द मला खटकतोय. जेवणाच्या सुट्टीत स्टाफ पेशंटवर विनोद करतो तेव्हा ती कुठे बघत असेल विचार करा, स्टाफमध्ये धरावं तर विनोद तिच्यावरही, पेशंटमध्ये धरावं तर ओळखपत्र गळ्यात. दुसरी पोस्ट मागा. ती मिळेपर्यंत दुसऱ्या केंद्रातल्या पीअर लोकांना भेटायला तिला ड्युटीच्या वेळात, पगारी सोडा. आणि तिचा पगार व बढतीचा रस्ता कुठवर आहे तेही एकदा एचआरला विचाराच, ‘अनुभव हीच पात्रता’ म्हणून घेतलेल्या माणसाला त्याच अनुभवाचे पैसे मात्र सगळ्यात कमी असं फार ठिकाणी चालतं.