कळवा-बदलापूरचे लोक एसी लोकलला विरोध का करतात? त्यांना चांगल्या सोयी नको आहेत का?

प्रश्नाखाली तुम्ही स्वतःचं मतही लिहून ठेवलंय: "फुकट्या लोकांच्या दादागिरीमुळे दहा एसी गाड्या मागे घ्याव्या लागल्या. मुंब्र्याचा अपघात बघून तरी यांचे डोळे उघडले का? अशांना दंड करा." यातला 'फुकटे' हा शब्द मी माझ्याच घरात, गणपतीत, पानावर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलाय. तेव्हा उत्तर लांबलं तर चालवून घ्या.

आधी झालं काय ते. १९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेने मुख्य मार्गावरच्या दहा साध्या फेऱ्या एसी केल्या. एसी फेऱ्या ५६ होत्या, त्या ६६ झाल्या. यात एकही गाडी वाढली नाही. वेळ तीच, गाडीचं नाव तेच, फक्त साध्या गाडीच्या जागी एसी आली. पहिल्याच दिवशी कळव्यात लोकांनी कारशेडमधून, म्हणजे लोकल उभ्या करून ठेवतात त्या आगारातून, निघालेली एसी लोकल अडवली, दोन-तीन दिवसांत बदलापूर पेटलं, स्थानिक आमदार म्हणून जितेंद्र आव्हाडांनीही विषय उचलून धरला आणि २५ तारखेला दहाच्या दहा फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या. एसी जादा म्हणून सोडली असती तर कोणी ढुंकून बघितलं नसतं. ऐन ऑफिसच्या वेळेला आहे ती गाडी गेली, म्हणून लोक रुळावर उतरले. इतकं साधं आहे, पण बातम्यांत मथळा आला 'एसी लोकलला विरोध', आणि तोच तुमच्यापर्यंत पोचला.

तिकिटाचंही ऐकून घ्या. ५ मे २०२२ पासून एसीचं तिकीट निम्मं झालं, पाच किलोमीटरचे ६५ रुपये होते ते ३० झाले, असं सगळे सांगतात. ते खरं आहे. पण पास कमी झाला नव्हता. रोज कामाला जाणारा माणूस तिकीट काढतो का? तो पास काढतो. सेकंड क्लासचा महिन्याचा पास काहीशे रुपयांत येतो, एसीचा हजाराच्या वर जातो. मसजिद बंदरला दुकानात हिशेब लिहिणाऱ्या बाईला तो परवडत नाही, आणि परवडावा अशी तिच्याकडून अपेक्षा करणं हा निर्लज्जपणा आहे.

आता कारशेड. कळवा हे ठाण्याच्या पुढचं स्टेशन, मध्ये फक्त खाडी. सकाळी कल्याण-डोंबिवलीहून येणारी स्लो कळव्यात शिरते तेव्हा लेडीज डब्याच्या दारातल्या बायकांनाच आत सरकायला जागा नसते, आपल्याला कोण घेणार? रेल्वेच्या भाषेत या गर्दीला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं. आणि ठाण्याहून सुटणाऱ्या रिकाम्या गाड्या कुठून येतात? आमच्याच कळवा कारशेडमधून, आमच्या डोळ्यांदेखत. म्हणून कळव्याची माणसं वर्षानुवर्षं रुळांच्या कडेने चालत जाऊन कारशेडपाशी गाडी पकडत आली आहेत. मीही पकडलीय.

ती चढायची पद्धत शिकून घ्यावी लागते. प्लॅटफॉर्म नसला की गाडीचा दरवाजा छातीपर्यंत येतो. आधी पर्स आत भिरकवायची, मग मधला दांडा पकडायचा, चप्पल खडीवर सरकते म्हणून पाय आडवा टेकवायचा, आणि आतल्या बाईने दंडाला धरून वर ओढायचं. ओढणी कमरेला बांधलेली असायचीच. आमच्यातल्या एक मावशी, पन्नाशीच्या पुढच्या, सगळ्यात आधी चढायच्या आणि मग दारात गुडघे टेकून एकेकीला वर घ्यायच्या. पाऊस असला की हात निसटायचे, मग त्या मनगट धरायच्या. सिग्नल सुटायच्या आत सगळ्या आत. ठाण्याला गाडी लागली की तिथल्या बायका आम्हाला बसलेलं बघून चिडायच्या, "कळव्याच्या आल्या बघा बसून!" भांडणं व्हायची. त्यांचंही चूक नव्हतं.

आता त्याच वेळेची गाडी एसी झाली म्हणजे काय झालं बघा. दारं बंद. कारशेडला चढणं संपलं, ठाण्याला उतरून ती पकडावी तर पास चालत नाही, आणि तिच्या मागची साधी गाडी दोन गाड्यांची माणसं घेऊन येणार.

तर गणपती. त्या वर्षी ३१ ऑगस्टला गणपती बसले, म्हणजे गाड्या मागे घेतल्या त्याला आठवडाही झाला नव्हता. आमचा दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी, संध्याकाळी पारसिक रेतीबंदरला विसर्जन, आणि दुपारी नणंद आणि तिचे यजमान जेवायला. भाऊजी बोरिवलीला असतात, बँकेतून रिटायर झालेत. कळव्याला येतात ते सुट्टीच्या दिवशीच, तेही स्टेशनवरून रिक्षाने थेट दारात. पान वाढलं, 'वदनी कवळ' झालं, आणि पहिल्या घासाबरोबर त्यांनी विषय काढला. मोबाईलवर कोणीतरी पाठवलेला व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. म्हणाले, "बघा तुमचे कळवेकर. आमच्याकडे पश्चिम रेल्वेवर डिसेंबर २०१७ पासून एसी धावतेय, कोणी गाडीपुढे आडवं झालं नाही. तुमच्या लोकांना सगळं फुकट पाहिजे."

माझ्या हातात ऋषीच्या भाजीचा डाव होता. म्हटलं, "भाऊजी, मी पास काढते, फुकट जात नाही."

"पास स्टेशनपासून असतो. कारशेडमध्ये चढायचा पास मिळतो का कुठे?"

हा मुद्दा बिनतोड होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कारशेडमध्ये चढणं बेकायदाच आहे. पण त्यांचा सूर कायद्याचा नव्हता, सूर होता 'तुम्ही लोक' असा. आमचे हे मान खाली घालून मक्याचं कणीस सोलत बसले. "अगं, वाढ ना," एवढंच म्हणाले. बायकोची बाजू घ्यायची वेळ आली की या माणसाला हमखास भूक लागते.

मी म्हटलं, "पश्चिम रेल्वेचं सांगू नका. तुम्हाला बोरिवलीहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, अंधेरीहून आहेत, विरारहून आहेत. कळव्याहून सुटणारी एक गाडी दाखवा, उद्यापासून कारशेडकडे फिरकणार नाही."

"म्हणून कायदा मोडायचा?"

इथे नणंद बोलली. तशी ती नवऱ्यापुढे फार बोलत नाही. शांतपणे अळूचं देठ बाजूला काढत म्हणाली, "आपण मालाडला राहात होतो तेव्हा तुम्ही रोज उलटे बोरिवलीला जाऊन विंडो पकडून यायचात. तेव्हा पास कुठपर्यंतचा होता हो?"

सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. भाऊजींनी पाणी प्यायलं, आणि म्हणाले, "ते वेगळं."

काय वेगळं, ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. मी दर दिवाळीला विचारते.

मुंबईत रिटर्न मारून, म्हणजे गाडी सुटते त्या स्टेशनला उलटं जाऊन, सीट पकडली नाही असा माणूस मला दाखवाच. मालाडचा बोरिवलीला जातो, घाटकोपरचा ठाण्याला जातो, पास असतो चर्चगेट नाहीतर सीएसएमटीच्या बाजूचा. त्याला आपण हुशारी म्हणतो. तेच कळव्याच्या बाईने खडीवरून चालत जाऊन, हात-पाय मोडायच्या भीतीने केलं की ती फुकटी. पंख्याखाली प्लॅटफॉर्मवर उभं राहून मोडलेला नियम म्हणजे नियम मोडणंच नव्हे जणू.

तुमच्या मुंब्र्याच्या मुद्द्यावर येते. ९ जून २०२५, सोमवार, सकाळची वेळ. कसाऱ्याकडे जाणारी आणि सीएसएमटीकडे येणारी अशा दोन फास्ट लोकल मुंब्र्याच्या वळणावर एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले लोक एकमेकांना आणि एकमेकांच्या बॅगांना घासून खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. त्या बातमीने आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारपर्यंत कोणाचा ना कोणाचा फोन लागत नव्हता, आणि सगळ्यांच्या घरी एकच धावपळ. दारं बंद झाली पाहिजेत याबद्दल माझं दुमत नाही. पण बंद दार आणि एसीचं भाडं या दोन गोष्टी एकत्र बांधायचं कारण काय? अपघातानंतर रेल्वेनेच जाहीर केलं की नव्या साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची, दाराला हवा येईल अशा झडपा, छतावर हवा आत घेणारी यंत्रणा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. नुसती दारं लावून टाकली तर साध्या डब्यात माणसं गुदमरतील, म्हणून हे सगळं. अशी गाडी साध्या पासावर आली तर तिच्यापुढे कोणी आडवं पडणार नाही, उलट नारळ फोडतील.

आणि गर्दी दारापर्यंत का येते ते कोणी विचारत नाही. १८ फेब्रुवारी २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन सुरू झाली. मेल-एक्स्प्रेस जुन्या पारसिक बोगद्यातून जायला लागल्या आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्यावरून. म्हणजे फास्ट गाडी आता आमच्या नाकासमोरून जाते, पण थांबत नाही. त्या लाईनमुळे ज्या ३६ फेऱ्या वाढल्या त्यांतल्या बहुतेक एसी. वर्षानुवर्षं मेगाब्लॉक, म्हणजे कामासाठी गाड्या बंद, सोसले ते आम्ही, आणि वाढीव गाड्या आल्या त्या आमचा पास न चालणाऱ्या.

दुसरं, कळवा-ऐरोली उन्नत मार्ग. कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्याला उतरून, जिने चढून-उतरून ट्रान्सहार्बर, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी लोकल, पकडावी लागते. हा मार्ग झाला तर ती सगळी माणसं ठाण्याला न जाता परस्पर ऐरोलीकडे वळतील आणि ठाणे मोकळं होईल. डिसेंबर २०१६ मध्ये एमयूटीपी-३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या रेल्वे वाढवायच्या सरकारी प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, हा मंजूर झाला. त्यातलं दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरूही झालं. मार्ग मात्र त्याच्या आड येणाऱ्या घरांच्या पुनर्वसनात अडकून पडला. तुम्हाला खरंच कोणाला तरी जाब विचारायचा असेल तर याबद्दल विचारा. रेल्वे आणि राज्य, दोघांनाही. तेव्हा कळेल फुकट कोण बसलंय.

दंडाचं म्हणाल तर जरूर करा. पण सुरुवात मालाड-बोरिवली रिटर्नवाल्यांपासून करा, जुन्या थकबाकीसकट. एक पत्ता मी देऊ शकते.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. कारशेडला चढायला जाऊ नका, मी हे सगळं लिहिलंय म्हणून तर मुळीच नको. रूळ ओलांडून जाणं गुन्हा आहे, आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, पकडतं, आणि पाय घसरला तर खाली खडी आणि रूळच आहेत. माझा गुडघा बोलायला लागल्यापासून मी रिक्षाने ठाण्याला जाऊन तिथली गाडी धरते, त्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात. एसी लोकल वाईट आहे असंही माझं म्हणणं नाही. मे महिन्यात सासूबाईंना दादरला डॉक्टरकडे नेते तेव्हा मी एसीचंच तिकीट काढते, आणि सुख वाटतं. वर्षातून चार वेळा जाणाऱ्याला ती गाडी छानच आहे.

आणि हे सगळं कळव्याचं झालं. बदलापूरचं दुखणं वेगळं आहे. ते सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर, संध्याकाळी थेट बदलापूरच्या गाड्या मोजक्या, त्यातली एक एसी झाली की पुढच्या साध्या गाडीपर्यंत ताटकळणं आणि घरी पोचायला रात्र. कारशेडचा तिथे संबंधच नाही. तिथल्या कोणी वेगळं उत्तर लिहिलं तर बरं होईल.