कन्सेप्ट गाड्या म्हणजे नुसता देखावा?

ऑटो एक्स्पोत पाहिलेली एकही कन्सेप्ट गाडी, म्हणजे नवी कल्पना दाखवायला बनवलेली नमुना गाडी, पुढे शोरूममध्ये दिसली नाही, मग कंपन्या त्यात एवढा पैसा का ओततात, असं तुम्ही विचारलंय. स्टेजवरच्या बऱ्याच गाड्या नुसत्या दाखवण्यापुरत्याच असतात, हे खरंच. पण खऱ्या प्रयोगांना त्यांच्या पंगतीत बसवू नका.

क्रायस्लरची टर्बाइन कार बघा. विमानाच्या इंजिनाच्या जातीचं गॅस टर्बाइन, त्यात ना पिस्टन ना रेडिएटर, स्पार्क प्लग एकच. डिझेल घाला, रॉकेल घाला, चालायची. बॉडी इटलीत घिया या बॉडी बनवणाऱ्या कंपनीने बनवलेली. १९६३ ते १९६६ या काळात अशा ५० गाड्या अमेरिकेतल्या २०३ सामान्य चालकांना आळीपाळीने तीन-तीन महिने वापरायला दिल्या. इंधन तेवढं त्यांनी भरायचं.

मला त्यातला सगळ्यात आवडतो तो रिजनरेटर. टर्बाइनमधून निघणारा वायू भयंकर तापलेला असतो. तो दोन फिरत्या जाळीदार चकत्यांमधून बाहेर सोडला. चकतीचा तापलेला भाग फिरून पलीकडे गेला की आत येणाऱ्या हवेला ती उष्णता मिळते. इंधन वाचतं आणि मागे उभ्या माणसाला चटका बसत नाही. काय डोकं लावलंय!

तरी अडचणी उरल्याच. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबायची आणि मग उसळायची. शहरातल्या थांबत-चालत वाहतुकीत इंधन फार प्यायची. शिवाय तेव्हा पंपावर सर्रास मिळणारं शिसंयुक्त पेट्रोलच तिला सोसायचं नाही. पुढे बहुतेक गाड्या कंपनीनेच मोडीत काढल्या, नऊ तेवढ्या उरल्या. याची मला आजही हळहळ वाटते. पण रोजच्या वापरातल्या या खोडी लोकांच्या तोंडून कळल्या, त्या स्टेजवर कधीच कळल्या नसत्या.

अलीकडचं बघायचं तर मर्सिडीजची व्हिजन ईक्यूएक्सएक्स. एप्रिल २०२२ मध्ये ती जर्मनीतल्या झिंडलफिंगनहून फ्रान्समधल्या कासीपर्यंत एका चार्जवर हजार किलोमीटरहून जास्त धावली. वाटेत कुणी गुपचूप चार्ज करू नये म्हणून चार्जिंग सॉकेटला सील ठोकलं होतं. बॅटरी १०० किलोवॅट-तासांपेक्षा थोडी कमीच. सगळा भर हवेचा विरोध कमी करण्यावर, ड्रॅग गुणांक (हा विरोध मोजणारा आकडा, जितका कमी तितकं चांगलं) अवघा ०.१७. ती गाडी विकत मिळणार नाही, पण तिच्यावर शिकलेलं बरंच काही आता मर्सिडीजच्याच नव्या इलेक्ट्रिक सीएलए गाडीत उतरलंय, आणि ती शोरूममध्ये आहे.